जंपरपासून गव्हर्नरपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनाचा गव्हर्नर कुणाला समजावून सांगावा लागत नाही. भार उतरला की तो डिझेल कमी सोडतो, भार चढला की वाढवतो. प्रोसेसरला असा गव्हर्नर मिळायला मात्र बरीच वर्षं गेली, आणि निम्मं काम मदरबोर्डाचंच होतं.

486 प्रोसेसर आले तेव्हा सगळा कारभार 5 व्होल्टचा. 1993चा पहिला पेंटियमही तसाच. पण चिपमधला विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग वाढवायचा तर व्होल्टेज उतरवणं भाग होतं. 1994 साली पेंटियम 3.3वर आला, 1997च्या पेंटियम एमएमएक्सचा गाभा 2.8वर. त्याच साली एएमडीचा के6 निघाला: 200 मेगाहर्ट्झचा 2.9 व्होल्टचा, तर 233चा 3.2चा. (पेंटियम आणि के6, दोन्हींच्या घडणीत पुण्यात जन्मलेले विनोद धाम होते.) बोर्डाला यातलं काही आपोआप कळायचं नाही. पीसी असेंबल करणाऱ्यानं पुस्तिका उघडायची आणि जंपर नेमक्या पिनांवर बसवायचा. व्होल्टेज जास्त लागलं तर गिऱ्हाइकाची चिप भाजलीच म्हणून समजा.

पेंटियम प्रो आणि पेंटियम 2 यांनी ही धास्ती घालवली. चिपच्या काही पिनाच बोर्डाला सांगू लागल्या, मला इतके व्होल्ट दे. तरी एकदा ठरलेला आकडा मशीन बंद होईपर्यंत तोच.

चालू मशीनमध्ये व्होल्टेज बदलायची सोय आधी लॅपटॉपला मिळाली, कारण तिथं बॅटरी संपायची. जानेवारी 2000मध्ये इंटेलचं स्पीडस्टेप आलं. 650 मेगाहर्ट्झचा पेंटियम 3 बॅटरीवर 500ला उतरायचा आणि 1.6 व्होल्टचा 1.35 व्हायचा. वेग 23 टक्क्यांनी घटला. गाभ्याचा खप, वेग आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या हिशेबानं, सुमारे 45 टक्क्यांनी.

डेस्कटॉपचं विजेचं बिल कंपनीला थोडंच भरायचं होतं! तिथं ही सोय सप्टेंबर 2003मध्ये अ‍ॅथलॉन 64च्या कूल अँड क्वाएटनं आणली. इंटेलचा पेंटियम 4 त्या वाटेवर 2005ला आला. खरी अडचण बोर्डाची होती. बोर्डावरच्या व्होल्टेज रेग्युलेटरनं चालता चालता व्होल्टेज बदलायला हवं, आणि कोणत्या वेगाला किती व्होल्ट याचा तक्ता बायॉसमध्ये हवा. लिनक्समध्ये गव्हर्नर नावाचेच प्रोग्राम तयार होते, पण तक्ता नसला की ड्रायव्हर 'बायॉस एरर' नोंदवायचा आणि ते गप्प. चिपमध्ये सोय आहे आणि बोर्डवाल्यानं आळस केलाय, असा हा प्रकार. काही बोर्डांवर तक्ता असायचा, पण सेटिंग बंद.

2013च्या हॅसवेलमध्ये इंटेलनं रेग्युलेटर थेट चिपमध्ये नेला आणि 2015च्या स्कायलेकमध्ये पुन्हा बोर्डावर आणून ठेवला.

दुकानात, शाळेत किंवा क्लासमध्ये अ‍ॅथलॉन 64 किंवा पेंटियम 4च्या काळातला पीसी अजून दिवसभर चालू असेल, तर एकदा बायॉस उघडून कूल अँड क्वाएट किंवा स्पीडस्टेप चालू आहे का, ते बघा. बंद असेल तर चालू करा. त्याला पैसे पडत नाहीत.