विमान-दिशादर्शन माहितीसंचाचे व्यवस्थापन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

विमानवाहतुकीच्या आरंभकाळात मार्गाची माहिती वैमानिकाच्या स्मरणात असे. अमेरिकेतील टपाल-वैमानिक एल्रे जेपसन यांनी धावपट्ट्यांची लांबी, डोंगरांची उंची इत्यादी नोंदी एका छोट्या वहीत केल्या आणि १९३४ पासून त्यांची विक्री सुरू केली. पुढे विमानात संगणक आला. १९७५ मध्ये 'एरिंक ४२४' हे प्रमाणक प्रसिद्ध झाले व अशा नोंदींना ठरावीक सांकेतिक रूप लाभले. हा माहितीसंच दर २८ दिवसांनी अद्ययावत केला जातो.

कालीचा अपघात :

या व्यवस्थेतील उणीव २० डिसेंबर १९९५ रोजी उघड झाली. मायामीहून कोलंबियातील काली शहराकडे निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे बोईंग ७५७ विमान रात्री डोंगरावर आदळले. विमानातील १६३ पैकी १५९ जण मृत्युमुखी पडले. छापील नकाशावर कालीजवळील 'रोझो' या रेडिओ दीपाची खूण 'आर' अशी होती. मात्र बोगोटाजवळील 'रोमिओ' दीपाचेही तेच अक्षर होते. माहितीसंचात 'आर' हे अक्षर 'रोमिओ'कडे गेले होते. 'रोझो' मिळविण्यासाठी पूर्ण नाव टंकित करणे आवश्यक होते. वैमानिकांनी 'आर' निवडताच विमान पूर्वेकडे, पर्वतराजीच्या दिशेने वळले. चूक लक्षात येईपर्यंत बहुमोल वेळ निघून गेला होता.

उत्तरदायित्वाचा प्रश्न :

कोलंबियाच्या चौकशीत वैमानिकांच्या निर्णयांवर मुख्य ठपका ठेवण्यात आला. माहितीसंच व नकाशा यांतील विसंगतीचीही दखल घेण्यात आली. २००० साली मायामी येथील ज्यूरीने जबाबदारीची विभागणी केली : विमान कंपनी ७५ टक्के, नकाशे व माहिती पुरविणारी जेपसन कंपनी १७ टक्के आणि संगणकप्रणाली बनविणारी हनीवेल ८ टक्के. तत्पूर्वी १९९८ मध्ये वैमानिकी माहितीच्या प्रक्रियेसाठी 'डीओ-२०० ए' हे प्रमाणक प्रसिद्ध झाले होते. माहितीच्या उगमापासून विमानापर्यंतच्या साखळीतील प्रत्येक टप्प्यावर अचूकतेची पडताळणी करणे हा त्याचा गाभा होय.

निष्कर्ष :

जेपसन यांच्या वहीत नोंद करणारा आणि तिच्यावर विसंबणारा एकच होता. माहितीसंचाच्या युगात या दोघांमध्ये अनेक हात आले. कालीच्या प्रसंगी नकाशा व माहितीसंच हे दोन्ही आपापल्या नियमांनुसारच तयार झालेले होते. त्या दोहोंचा परस्परांशी मेळ मात्र नव्हता. म्हणून प्रत्येक नोंद अचूक असणे पुरेसे नसून नोंदींमधील सुसंगती हीच सुरक्षिततेची खरी कसोटी ठरते.