दूरचित्रवाणी संचाची निवड

घरगुती वापरासाठी स्वस्त किंवा महाग दूरचित्रवाणी संच निवडताना पडद्याचा प्रकार, चित्रबिंदूंची संख्या, पाहण्याचे अंतर आणि खोलीतील उजेड यांचा विचार केला जातो.

पडद्याचे प्रकार

कमी किमतीचे 'एलईडी' संच वस्तुतः एलसीडी पडद्याचेच असतात. एलईडी दिवे केवळ मागून प्रकाश पुरवतात. हा प्रकाश काळ्या भागांतूनही किंचित झिरपत असल्याने अंधारी दृश्ये करडी भासतात. महाग ओएलईडी संचांत प्रत्येक चित्रबिंदू स्वयंप्रकाशी असून पूर्णपणे विझू शकतो. त्यामुळे काळा रंग गडद दिसतो. उजेडाच्या खोलीत मात्र हा लाभ कमी जाणवतो. शिवाय वाहिनीच्या बोधचिन्हासारखे स्थिर चित्र दीर्घकाळ राहिल्यास ओएलईडी पडद्यावर त्याचा कायमचा ठसा उमटू शकतो.

चित्रबिंदू व अंतर

फुल एचडी पडद्यावर १९२०×१०८०, तर ४के पडद्यावर ३८४०×२१६० चित्रबिंदू असतात. ४३ इंची (सुमारे १०९ सेंमी) संच २ मीटरांहून अधिक अंतरावरून पाहिल्यास सामान्य दृष्टीला हा फरक सहसा जाणवत नाही. मूळ प्रक्षेपणात नसलेला तपशील महाग संचही परत आणू शकत नाही. त्यामुळे लहान, उजेडाच्या खोलीत मुख्यतः बातम्या व मालिका पाहणाऱ्या कुटुंबाला स्वस्त संच पुरेसा ठरतो. अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहणाऱ्यांना महाग संचाचा खरा उपयोग होतो.