मनगटातील नौकास्थीचा भंग : निदान आणि उपचार

हात पुढे टेकून पडल्यानंतर मनगट दुखू लागले की ते मुरगळले असावे, असा सर्वसाधारण समज असतो. मात्र अशा दुखण्यामागे अनेकदा नौकास्थीचा भंग दडलेला असतो. वेळीच निदान न झाल्यास मनगटाची हालचाल कायमची मर्यादित होण्याचा धोका असतो.

मनगटात आठ लहान हाडे असतात. अंगठ्याच्या बाजूचे, नावेच्या आकाराचे हाड म्हणजे नौकास्थी, अर्थात स्कॅफॉइड. ग्रीक भाषेतील नावेसाठीच्या शब्दावरून हे नाव पडले. या आठ हाडांपैकी नौकास्थीचाच भंग सर्वाधिक आढळतो. खेळताना अथवा दुचाकीवरून पडणाऱ्या तरुणांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आहे.

या हाडाला होणारा बहुतांश रक्तपुरवठा बोटांकडील टोकातून प्रवेश करून कोपराकडील टोकाकडे उलट्या दिशेने जातो. हाड मध्येच मोडल्यास कोपराकडील तुकड्याचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो. परिणामी हाड जुळत नाही किंवा तो तुकडा निर्जीव होतो. पुढे काही वर्षांत मनगटाचा संधिवात जडतो.

अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी दोन स्नायुबंधांमध्ये एक खळगा दिसतो. पूर्वी तपकीर ओढण्यासाठी त्याचा वापर होत असल्याने त्याला तपकिरीचा खळगा म्हणतात. तेथे दाबल्यास होणारी वेदना हे या भंगाचे महत्त्वाचे लक्षण मानले जाते. सूज अल्प असू शकते आणि हात वेडावाकडा दिसेलच असे नाही.

पहिल्या क्ष-किरण चित्रात हा भंग काही वेळा दिसत नाही. त्यामुळे चित्र निर्दोष असले तरी लक्षणे असल्यास मनगट स्थिर ठेवून सुमारे १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासणी केली जाते. एमआरआय तपासणीत हा भंग लवकर समजतो, तर तुकडे किती सरकले आहेत हे सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट होते.

तुकडे जागेवर असल्यास साधारणतः ६ ते १२ आठवडे प्लास्टर घालतात. ते सरकलेले असल्यास अथवा कोपराकडील टोक मोडले असल्यास शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. यासाठी वापरल्या जाणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूची माहिती ऑस्ट्रेलियातील शल्यचिकित्सक टिमोथी हर्बर्ट यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. स्क्रूच्या दोन्ही टोकांच्या आट्यांमधील अंतर वेगवेगळे असल्याने तो फिरवताना तुकडे एकमेकांवर घट्ट आवळले जातात.

तुकडे फारसे सरकलेले नसताना तातडीची शस्त्रक्रिया आवश्यक आहे का, याचा अभ्यास इंग्लंड आणि वेल्समध्ये ४३९ प्रौढ रुग्णांवर करण्यात आला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एका वर्षानंतर मनगटाची वेदना आणि कार्यक्षमता यांबाबत शस्त्रक्रिया आणि प्लास्टर यांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र प्लास्टरनंतर हाड जुळले नाही, तर त्वरित शस्त्रक्रिया करावी, असे या अभ्यासात सुचविण्यात आले.

धूम्रपानामुळे हाड जुळण्यास विलंब होतो, त्यामुळे उपचारकाळात ते टाळणे हिताचे ठरते. पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी वेदना होत असल्यास मनगट चोळू अथवा ओढू नये. पहिल्या तपासणीत काही आढळले नाही तरी दुखणे कायम असल्यास अस्थिरोगतज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी करून घेणे आवश्यक आहे.