छोट्या गाडीचा पिकअप कमी खर्चात कसा वाढवायचा? आधी मोबाईलवर तपासा, मग पैसे खर्च करा

गेल्या मे महिन्यात आम्ही पाच जण लग्नासाठी चंद्रपूरहून गडचिरोलीला निघालो होतो. गाडी माझी जुनी अल्टो ८००, एसी चालू, डिकीत आहेराच्या बॅगा. मूल सोडलं आणि सावलीच्या अलीकडे धानाचे कट्टे भरलेला एक ट्रक समोर आला. समोरचा रस्ता मोकळा दिसला म्हणून मी ओव्हरटेकला घेतलं, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, पण गाडी उठेचना! ट्रकच्या अर्ध्यापर्यंत पोहोचलो तोच समोरून एसटी आली, अप्पर मारत. ब्रेक दाबून कसाबसा परत ट्रकच्या मागे आलो. मागे बसलेली आई गडचिरोली येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्या दिवशी ठरवलं की पिकअप वाढवायचाच. पुढच्या दोन महिन्यांत जे शिकलो, जे पैसे वाचले आणि जे वाया गेले, ते सगळं या लेखात सांगतो.

पिकअप म्हणजे नेमकं काय?

गाडी किती जोरात वेग पकडते, ते दोन गोष्टींवर ठरतं. त्या क्षणी इंजिन किती ताकद देतंय आणि ती ताकद किती वजन ओढतेय.

अल्टो ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. पेट्रोलवर जास्तीत जास्त ताकद सुमारे ४८ पीएस, तीही ६००० आरपीएमला. टॉर्क ६९ न्यूटन मीटर, ३५०० आरपीएमला. गाडीचं स्वतःचं वजन सुमारे ७०० किलो. एकटा ड्रायव्हर असेल तर एकूण ७६५ किलो धरा. पाच जण आणि ४० किलो सामान असेल तर तेच वजन १०६५ किलोच्या घरात जातं. म्हणजे दर किलोमागे मिळणारी ताकद २८ टक्क्यांनी कमी. गाडी तीच, इंजिन तेच, पण पिकअप पाऊण सुद्धा राहिला नाही.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जाणं ही काही बातमी नाही. गरम हवा विरळ असते. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा साधारण साडेनऊ टक्के विरळ, म्हणजे इंजिनला तेवढा ऑक्सिजन कमी. वरून एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच ताकदीवर चालतो. मोठ्या गाडीला हे जाणवत नाही, ८०० सीसीला चांगलंच जाणवतं.

मोबाईलवर गाडीची तब्येत कशी पाहायची?

भारतात एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ बंधनकारक झालं. त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली एक १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात ईएलएम३२७ प्रकारचा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर लावायचा. तो ऑनलाइन साधारण ५०० ते १००० रुपयांत मिळतो. मोबाईलवर टॉर्क किंवा कार स्कॅनर यापैकी एक अॅप टाकायचं. आयफोन असेल तर वाय-फाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला अडॅप्टर घ्या, साधा ब्लूटूथवाला चालत नाही.

आता अॅपमध्ये या गोष्टी पाहा:

• आरपीएम आणि वेग: माझ्या गाडीत आरपीएमचा काटाच नाही, त्यामुळे हा आकडा मी पहिल्यांदा मोबाईलवर पाहिला.
• थ्रॉटल पोझिशन: इंजिन बंद, चावी ऑन ठेवून पॅडल पूर्ण दाबा आणि आकडा बघा. मग पायाखालची मॅट काढून पुन्हा दाबा. दुसऱ्यांदा आकडा वाढला तर तुमची मॅटच पॅडल अडवतेय!
• कूलंटचं तापमान: गाडी गरम झाल्यावर साधारण ८५ ते १०० अंशांत राहायला हवं.
• फ्युएल ट्रिम: हा आकडा सतत १० टक्क्यांपेक्षा जास्त, प्लस किंवा मायनस, दिसत असेल तर हवा-पेट्रोलच्या मिश्रणात काहीतरी गडबड आहे.
• एरर कोड: चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर कोड लिहून घ्या आणि मिस्त्रीला दाखवा. नुसता डिलीट करू नका.

त्यानंतर टायमिंग घ्या. मोकळा, सरळ, गावाबाहेरचा रस्ता, दिवसा, गाडीत दोघे जण. एक चालवेल, दुसरा मोबाईल सांभाळेल. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ७० किती सेकंदांत जाते ते जीपीएसवर मोजा, दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा, आणि सरासरी काढा. माझ्या गाडीचे १२ सेकंदांच्या वर आले. हा आकडा लिहून ठेवा, कारण पुढे प्रत्येक खर्चाचा हिशोब याच आकड्याने करायचा आहे. काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

पायरी १: शून्य रुपयांचे उपाय

१. गिअर खाली घ्या. माझी खरी चूक हीच होती. ट्रकमागे मी चौथ्या गिअरमध्ये ५० ने होतो. मोबाईलवर पाहिलं तर त्या वेगाला आरपीएम २००० च्या आसपास. तिथे इंजिनकडे ताकदच नसते. ३५०० आरपीएमला ६९ न्यूटन मीटर म्हणजे सुमारे ३४ पीएस होतात, आणि पूर्ण ४८ पीएस हवे असतील तर ६००० पर्यंत जावं लागतं. म्हणून ओव्हरटेकच्या आधी तिसरा गिअर टाका, मग बाहेर निघा. इंजिन ओरडतं, पण ते त्यासाठीच बनलंय.

२. ओव्हरटेकच्या आधी एसी बंद करा. काही गाड्यांत पॅडल पूर्ण दाबल्यावर कॉम्प्रेसर आपोआप तुटतो, काहींत नाही.

३. डिकी रिकामी करा. माझ्या डिकीत जुनी बॅटरी, दोन कॅन आणि तांदळाचा २५ किलोचा कट्टा कधीपासून पडून होता. वर लावलेला कॅरिअर वापरात नसेल तर तोही काढा, तो हवा अडवतो.

४. टायरमधली हवा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा पाळा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये प्रेशर जास्त दिसतं म्हणून हवा सोडू नका.

पायरी २: दीड हजारांच्या आतले उपाय

एअर फिल्टर: आपल्याकडे घुग्घूस-बल्लारपूर पट्ट्यात कोळशाची धूळ, गडचांदूरकडे सिमेंटची, आणि आष्टी-आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांची लाल माती. फिल्टर इथे लवकर भरतो. मॅन्युअलमध्येही धुळीच्या भागासाठी वेगळं, लवकरचं वेळापत्रक असतं. माझा फिल्टर काढून मिस्त्री म्हणाला, "भाऊ, पयले तिले श्वास तं घेऊ द्या!" अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये याचा अभ्यास केला होता. नव्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरने मायलेज फारसं बदललं नाही, पण अॅक्सिलरेशन मात्र कमी झालं. म्हणजे मायलेज ठीक आहे म्हणून फिल्टरही ठीक आहे, असं समजू नका.

स्पार्क प्लग: तीन सिलिंडर, तीन प्लग. झिजलेल्या प्लगमुळे जोर लावताना गाडी झटके देते. कंपनीने सांगितलेल्या नंबरचेच प्लग घ्या.

थ्रॉटल बॉडीची सफाई आणि केबलचा ढिलेपणा: पॅडल पूर्ण दाबूनही थ्रॉटल पूर्ण उघडत नसेल तर केबल अॅडजस्ट करून घ्या.

पायरी ३: ब्रेक आणि क्लच

सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी हाताने ढकलून बघा. जड वाटली तर ब्रेक चिकटत असेल. माझं मागचं एक चाक जॅकवर मोकळं फिरतच नव्हतं, म्हणजे इंजिनची ताकद ब्रेक खात होता. सर्व्हिसिंगमध्येच ते काम झालं.

क्लच तपासायला पुन्हा मोबाईल. चौथ्या गिअरमध्ये जोर लावल्यावर आरपीएम उडी मारतो पण वेग त्याच्यासोबत वाढत नाही, असं दिसलं तर क्लच घसरतोय. हा खर्च काही हजारांचा आहे, पण इथे दुसरा उपाय नाही.

या सगळ्यानंतर पुन्हा टायमिंग घेतलं. त्याच रस्त्यावर, तेच दोघे, सकाळची तीच वेळ. आता १० सेकंदांच्या आसपास. गाडी रॉकेट झाली नाही. कंपनीने दिलेला पिकअप मी हरवला होता, तो परत मिळाला.

कुठे पैसे घालू नका?

• ओबीडी सॉकेटमध्ये लावायची पॉवर चिप: मी एक घेतली होती. आत फक्त दिवे लुकलुकतात. टायमिंगमध्ये काडीचाही फरक नाही.
• उघडा कोन फिल्टर: इंजिनच्या खोलीतली गरम हवा आत ओढतो. मे महिन्यात उलट तोटाच.
• मोठे आणि रुंद टायर: दिसायला छान, पण जड चाक फिरवायला जास्त ताकद लागते.
• महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल: इंजिन त्यासाठी बनलेलं नसेल तर ताकद वाढत नाही.
• सायलेन्सर कापणं: आवाज वाढतो, पिकअप नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाने बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

ओव्हरटेकला रस्ता किती लागतो?

समजा ट्रक ५० ने चाललाय. त्याच्या २० मीटर मागून निघून २० मीटर पुढे यायचं, तर ट्रकची आणि आपली लांबी धरून सुमारे ५५ मीटरचा फरक कापावा लागतो.

• आपण ७० ने गेलो तर: १० सेकंद. समोरची गाडीही ७० ने येत असेल तर सुमारे ३८५ मीटर रस्ता मोकळा हवा.
• आपण ८० ने गेलो तर: साडेसहा सेकंद, सुमारे २७५ मीटर.

हे वेग आधीच पकडले आहेत असं धरून. छोट्या गाडीला ५० वरून तिथे पोहोचायलाच काही सेकंद लागतात, म्हणून रस्ता यापेक्षा जास्तच लागतो. एवढा रस्ता दिसत नसेल तर ट्रकमागेच राहा.

आणि जंगलात? चंद्रपूर-मूल रस्ता चिचपल्लीच्या आसपास जंगलातून जातो. चितळ, रानडुक्कर, कधी वाघही रस्ता ओलांडतो. ८० च्या वेगाला दचकून ब्रेक लावून थांबेपर्यंत जवळपास ७० मीटर जातात, ५० ला ३५. जनावराला अप्पर-डिपर कळत नाही. तिथे पिकअप कितीही चांगला असला तरी तो वापरायचा नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सीएनजीवर पिकअप कमी का होतो?
गॅस सिलिंडरमधली हवेची जागा घेतो. अल्टो ८०० सीएनजीवर सुमारे ४० पीएस आणि ६० न्यूटन मीटर देते. ओव्हरटेक करायचा असेल तर आधीच पेट्रोलवर घ्या.

ईसीयू रिमॅप करावा का?
टर्बो इंजिनमध्ये फरक मोठा पडतो. छोट्या बिनटर्बो पेट्रोल इंजिनमध्ये फारच थोडा, आणि वॉरंटी-विम्याचा प्रश्न वेगळाच. त्या पैशांत क्लच, ब्रेक आणि टायर नवे होतात.

सुरुवात कुठून करू?
मॅट आणि डिकीपासून. मग हवा, फिल्टर, प्लग. प्रत्येक कामानंतर टायमिंग घ्या, म्हणजे पैसे कुठे कामी आले ते कळेल.

दिवाळीत पुन्हा गडचिरोलीला गेलो. वैनगंगेच्या पुलापर्यंत दोनच ट्रक ओलांडले, तिसऱ्या गिअरमध्ये, एसी बंद करून. बाकीच्यांच्या मागे निवांत चाललो. दहा मिनिटं उशीर झाला असेल, पण या वेळी आई पूर्ण रस्ताभर बोलत होती.