औषध पोचलं, पण लागू पडलं का?

चिनी वनस्पतींमधली द्रव्यं नॅनोकणांत भरून स्ट्रोकवर वापरायची, या विषयावर आज पेपरांचा पाऊस आहे. तुम्ही लिटरेचर रिव्ह्यूला बसणार असाल, तर आधी थोडा इतिहास बघा. कच्चा पेपर ओळखायला तो उपयोगी पडतो.

१८३० मध्ये वांग छिंगरेन या चिनी वैद्याने आपल्या ग्रंथात अर्धांगवायूवरचा 'बूयांग हुआनवू' काढा दिला. तो तिथे अजूनही वापरतात. विसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी अशा काढ्यांमधल्या वनस्पतींतून एकेक घटक वेगळा काढला. दानशेनच्या मुळातलं टॅनशिनोन त्यातलंच. पण ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. शिवाय मेंदूच्या दारावर पहारा आहे.

हा पहारा सापडला तोच एका फसलेल्या निष्कर्षातून. १८८५ मध्ये पॉल एर्लिखने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. त्याला वाटलं, मेंदूला रंग धरतच नसेल. १९१३ मध्ये एडविन गोल्डमनने ट्रायपॅन ब्लू थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. मेंदू निळा झाला, बाकी शरीर कोरं! म्हणजे रंग धरत होता, रक्तातून पोचत नव्हता. गोल्डमनने फक्त वाट बदलली आणि दोन प्रश्न वेगळे केले: पोचतं का? आणि पोचल्यावर काय होतं?

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅमने लायपोसोम दाखवले, म्हणजे मेदाच्या पातळ पडद्याचे सूक्ष्म फुगे. १९९५ मध्ये अमेरिकेत कॅन्सरचं औषध अशा फुग्यांत भरून वापरायला मान्यता मिळाली. मग टॅनशिनोनसारखी द्रव्यंही नॅनोकणांत गेली. काही गट कणांना बोर्निऑल जोडतात. हे द्रव्य आपल्या भीमसेनी कापरातही असतं. ते इतर औषधांना वाट दाखवतं, असं चिनी वैद्यक पूर्वीपासून मानतं.

आता पेपर हातात घ्या आणि गोल्डमनसारखे वागा. नुसतं औषध दिलेला गट आहे का? रिकामे कण दिलेला गट आहे का? स्ट्रोकमध्ये पहारा आपोआपच ढिला पडतो, म्हणून मेंदूच्या निरोगी बाजूशी तुलना केलीय का? यातलं एक जरी नसेल, तर 'उंदीर सुधारला' याचं श्रेय नेमकं कोणाला द्यायचं ते सांगता येत नाही.

आणि शेवटची परीक्षा माणसावरच होते. मेंदूतल्या रक्तस्रावावरच्या एका पारंपरिक चिनी औषधाची चीनमध्ये १,६४८ रुग्णांवर चाचणी झाली. तिचा निकाल २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला: प्लासिबोपेक्षा फायदा नाही. ते औषध तोंडाने दिलं होतं, नॅनोकणांतून नाही. 'मग कणांत भरून देऊ' हा मोह इथेच होतो. पण कण फक्त पोचवण्याचं काम करतो. जे पोचवायचं त्यातच दम नसेल, तर कण तरी काय करणार?

सिनॉप्सिस लिहिताना हे दोन प्रश्न दोन वेगळ्या ओळींत लिहा. आणि प्रत्येक ओळीसमोर तिचा कंट्रोल.