उतरतानाचे थर

पुढचे तास कुठल्या एका पथकाचे नाहीत. गोपाळकाल्याच्या दिवशी मुंबई-ठाण्यात दरवर्षी थोड्याफार फरकाने ते असेच जातात.

सकाळी ८
गुरुपौर्णिमेपासून रोज रात्री कामावरून आल्यावर सराव झालेला. वस्तीतली पहिली हंडी पाच थरांत फुटते. सगळे ताजेतवाने, खांदे कोरडे. तोल गेलाच तर झेलायला खाली हात तयार.

दुपारी १
पथक निघालं. टेम्पोत मावले नाहीत ते बाइकवर, एकेका गाडीवर तिघे, हेल्मेट कुणालाच नाही. श्रीमंत देशांत मज्जारज्जूच्या इजांचं एक मोठं कारण म्हणजे रस्त्यावरचे अपघात. आपल्याकडे वाहनांच्या बरोबरीने उंचीवरून पडणं हे मोठं कारण: माड, आंबा, कठडा नसलेली गच्ची, बांधकामाची परांची. दहीहंडी त्यात वर्षातून एका दिवसाची भर घालते.

दुपारी ४
मोठ्या हंडीपाशी नंबर लागायला वेळ आहे. पोटात वडापाव, अंगावर पाण्याचे फवारे, कानाशी डीजे. माइकवरून आठ थरांच्या बक्षिसाचा आकडा पुन्हा पुन्हा सांगितला जातो. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली होती. २०१७ मध्ये ती उठली. मुळात २० फूटसुद्धा कमी नाहीत. तिथून मोकळा पडलेला माणूस सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर येतो, ताशी जवळजवळ ४० किलोमीटरच्या वेगाने.

संध्याकाळी ६:४०
थर लागतात. सर्वांत वरच्या पोराला दोर आहे, हेल्मेट आहे. मधल्या थरांना काही नाही. सलामी होते, टाळ्या पडतात आणि बघे मान खाली घालतात. चढताना प्रत्येक पाय मोजून पडतो. उतरताना घाई होते, कारण खालच्यांचे गुडघे थरथरायला लागलेले असतात. तिसऱ्या थरातला एक खांदा निसटतो.

६:४३
चौथ्या थरावरचा गोविंदा डोक्यावर आपटतो. मान किंचित पुढे वाकलेली. या स्थितीत मानेचा नैसर्गिक बाक जातो, सातही मणके एका रेषेत येतात आणि धक्का स्नायूंऐवजी हाडांवर जातो. पाचवा मणका फुटतो. त्याच्या मागून करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू जातो. तो सहसा तुटत नाही, चेंगरतो.

६:४४
तो शुद्धीवर आहे. ‘पाय कुठायत माझे?’ विचारतो. हात कोपरात वाकतात, पण मूठ वळत नाही. छाती हलत नाही, श्वासागणिक फक्त पोट वरखाली होतं. बरगड्यांच्या स्नायूंशी मेंदूचा संबंध सुटलाय, श्वासपटल तेवढं चालू आहे. हे बघायला डॉक्टर लागत नाही. पण बघतंय कोण! एक जण तोंडावर पाणी मारतो. दोघे काखेत हात घालून उचलतात, तिसरा पाय धरतो, डोकं मागे लोंबतं. ज्यांनी महिनाभराहून जास्त त्याला खांद्यावर पेललं, तीच ही पोरं. त्यांना थर लावायला शिकवलं, पडलेल्याला उचलायला कुणी शिकवलं नाही. स्टेजला डझनभर फळ्या ठोकल्यात. डोकं दोन्ही बाजूंनी घट्ट धरून, मान न हलवता त्यातल्या एका फळीवर त्याला सरकवता आलं असतं. मोडक्या मणक्याची प्रत्येक हालचाल रज्जूला पुन्हा दाबू शकते.

७:३०
रिक्षातून रुग्णालयात. रक्तदाब खाली आणि नाडीही मंद. रक्तस्राव असता तर ती धावली असती. रज्जूला सूज चढतेय. कमी दाबाने रक्त पोचत नाही, त्यामुळे चेंगरण्यातून वाचलेल्या पेशीही मरायला लागतात. ही दुसरी इजा तासन्‌तास, दिवसेंदिवस चालते. म्हणून आधी कॉलर, ऑक्सिजन, दाब वर आणणारी औषधं.

रात्री १०
निवासी डॉक्टर टाचणी घेऊन पायापासून वर येतो. शेवटी गुदद्वाराजवळ टोचून विचारतो, ‘कळतंय?’ बाहेर उभ्या मंडळींना ही तपासणी चमत्कारिक वाटते. पण रज्जूतून काहीतरी अजून खाली पोचतंय का, हे तिथेच कळतं, आणि सुधारणेची आशा बरीचशी त्यावरच ठरते. तो म्हणतो, ‘थोडंसं.’

रज्जूवरचा दाब २४ तासांच्या आत शस्त्रक्रियेने काढला तर फायद्याची शक्यता वाढते. त्यातले सव्वातीन तास गेले. एमआरआयसाठी त्याच्या पुढे आणखी दोन गोविंदा आहेत.