तळटीप : बेटिओची भरती

१. ग्रंथकर्त्याने येथे सारा दोष भरतीच्या माथी मारला आहे. तो सर्वस्वी न्याय्य नव्हे. गिल्बर्ट द्वीपसमूहातील तारावाच्या बेटिओ बेटावर अमेरिकी मरीन सैनिक उतरले, तो २० नोव्हेंबर १९४३ चा दिवस अष्टमीच्या आगेमागचा, म्हणजे आपले कोकणी दर्यावर्दी ज्याला भांग म्हणतात, त्या मंद भरतीचा होता. परिणामी सुमारे चार फूट पाणी लागणाऱ्या होड्या प्रवाळाच्या खडपावरच अडकल्या, आणि खडप ओलांडू शकणारी पट्ट्यांची वाहने अपुरी असल्याने शेकडो शिपायांना, बंदुका डोक्यावर धरून, छातीभर पाण्यातून गोळ्यांच्या वर्षावात किनारा गाठावा लागला. पण त्या बेटांत वर्षानुवर्षे राहिलेल्या मेजर हॉलंड यांनी पाण्याच्या या तुटीची आगाऊ ताकीद दिली होती. जपानी शिबंदीपैकी, कोरियन मजूर वगळता, अवघे १७ जण जिवंत हाती लागले. — संपादक